अक्षरं धूसर, साइज अठ्ठावीस

“तुला येत नसेल तर सरळ नाही म्हण ना! माझ्या स्क्रीनची वाट कशाला लावतोस?”

“येत नाही? मला? आई, तुला पता तरी आहे का तू कुणाशी बोलतेयस?”

“आहे ना. अकरावीत शाळा सोडून घरी बसलेल्याशी.”

बस! भर दवाखान्यात! समोर सुलोचना सिस्टर, बाजूला ती नवीन आलेली खुशी, बाकावर दवाखाना उघडायची वाट बघणारे चार पेशंट. डोळ्यांचे पेशंट होते म्हणून त्यांना माझा चेहरा नीट दिसला नसेल, पण कान तर सगळ्यांचे ठीक होते! माझं डोकं असं तापलं की वर पोह्यांची कढई ठेवली असती तर दहा प्लेटा निघाल्या असत्या.

आता पूर्ण मॅटर सांगतो. माझी आई, शारदा, पलासियाला एका डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. एकोणीस वर्षं झाली. मी सतरा वर्षांचा आहे, मतलब ती माझ्यापेक्षा जुनी त्या काउंटरची आहे. बाबा सांवेरला गोदामावर असतात, रविवारी येतात, जेवतात, झोपतात, जातात. मग घरात उरलो मी आणि आई, आणि भांडणं.

आईच्या काउंटरवरचा कंप्यूटर म्हणजे एकदम डायनासोर. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, माउसचं काम नाही. टर्मिनल म्हणतात त्याला. पेशंटचं नाव, वय, गाव आणि शेवटी कुठला डोळा, सगळं त्याच्यात टाइप करायचं. कुणा इंजिनिअरनं कधीतरी तो प्रोग्राम बनवला, आणि मग तो कॅनडाला गेला. प्रोग्राम इथंच राहिला.

दोन महिन्यांपासून आई बोलत होती, अक्षरं धूसर दिसतात. आणि धूसर अक्षरांपायी तिच्या तीन चुका झाल्या. हातोदच्या सरलाबाईंची फाइल शोभनाबाईंना दिली. एकाचं वय त्र्याहत्तरचं सदतीस केलं. तिसरी कुठली ते आई कुणाला सांगत नाही, मला पण नाही सांगितलं.

दवाखान्याचं मॅनेजमेंट आता ऋजुता मॅडम बघतात, चिंतामण डॉक्टरांची सून. एकदम गोड बोलतात, आणि गोड बोलूनच कापतात.

“शारदाताई, अजून एक चूक झाली ना, तर काउंटरवर खुशी बसेल, हं.”

आईनं सांगितलं, माझं काही नाही, कंप्यूटरचीच अक्षरं खराब आहेत. तर चिंतामण डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. दोनदा! आईनं दोन्ही वेळेला वरपासून खालपर्यंत धाडधाड वाचला. नजर एक नंबर! डॉक्टर बोलले, “हिच्यासारखे डोळे माझे पण नाहीत.”

म्हणजे गुन्हेगार कोण? कंप्यूटर. केस खतम!

मी छाती ठोकून बोललो, “सोमवारच्या आत करून देतो. फॉन्टच तर आहे, कुठं रॉकेट उडवायचंय!”

सोमवारी ऑपरेशनचा दिवस असतो. चौदा पेशंट होते. त्या दिवशी चूक चालत नाही.

तर पहिल्या दिवशी दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असतो तेव्हा गेलो. आणि खरं सांगतो, चूक सापडली! स्क्रीन रुंद होती आणि सेटिंग अरुंद स्क्रीनची. कंप्यूटर प्रत्येक अक्षर खेचून खेचून बसवत होता, बारीक पोराची पँट पेलवानाला चढवावी तशी. अक्षरं सगळी कडेनं फाटलेली. मी दोन ओळी टाइप केल्या, एंटर मारला, आणि अक्षरं अशी उभी राहिली, जशी पंधरा ऑगस्टला पोलीस लाइन!

खुशी दारातून ओरडली, “वाह भिया! इथून वाचता येतंय!”

सुलोचना सिस्टर बोलल्या, “अगं बाई, इतके दिवस आपण आंधळ्यासारखेच बसलो होतो की!”

मी आईकडे बघितलं. तारीफ ऐकायला मान थोडी वाकडी करून तयार होतो.

आई बोलली, “आहे तसंच आहे.”

तिथूनच ते वर लिहिलेलं भांडण.

आता तुम्हाला माझा स्वभाव सांगतो. कुणी बोललं की तुला जमत नाही, की मी ते जमवतो, नाहीतर तोडतो. शाळेत दुसरं झालं होतं. इथं मी ठरवलं, जमवायचं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवायची एक ट्रिक असते, ती बंद केली.

“आता?”

“पहिलं बरं होतं.”

परत चालू केली. “आता?”

“हां... थोडं बरं. नाही, दुसरं बरं होतं.”

“दुसरं कुठलं? आता तिसरं आहे!”

“मग पहिलंच ठेव.”

तिसऱ्या दिवशी फॉन्ट बदलला. चौथ्या दिवशी हिरवा रंग काढून पांढरा केला. पाचव्या दिवशी केबल बदलली, स्क्रीन पुसली, तिची जागा बदलली. रोज दोन तास मी त्या स्टुलावर. आई बाजूला. “आता?” “थोडं बरं.” “आता?” “थोडं बरं.” माझ्या स्वप्नात पण अक्षरं यायला लागली, सादळलेल्या शेवेसारखी.

माझी नजर तेज आहे, हे सगळे बोलतात. गल्लीत कुणाच्या गाडीला नवीन ओरखडा आला तर आधी मला दिसतो. तर मला हे पण दिसत होतं, की आई स्क्रीनकडे सरळ बघत नाही. कोंबडी कशी एका डोळ्यानं दाणा बघते, तशी मान फिरवून बघते. मी काय समजलो? स्क्रीनवर चमक पडतेय! खिडकीला पुठ्ठा लावला. घरी चहा गाळताना ती कपात बोट घालायची, किती भरला ते बघायला. मी काय केलं? ओरडलो! “आई, शी! मी पिणार नाही हा चहा!” तिनं कप उचलला आणि स्वतः प्यायली.

दिसत सगळं होतं. डोकं कुठं होतं, ते विचारू नका.

रविवार आला. शेवटचा दिवस. बाबा झोपलेले. सुलोचना सिस्टरकडून चावी घेऊन आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मी वैतागून सरळ साइज वाढवला. चौदाचा अठरा. “आता?” अठराचा बावीस. “आता?” बावीसचा अठ्ठावीस! अक्षरं अशी झाली, जशी राजवाड्यासमोरची होर्डिंगं!

आई पुढं वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग बोलली, “हां. आता दिसतंय.”

बघा! आठ दिवस! केलंच ना शेवटी! मी आनंदानं स्टुलावरून उठलो आणि स्टूल पडलं. आई हसली. खूप दिवसांनी हसली. मी तिला बोललो, “आता ती खुशी काय, कुणी पण येऊ दे, तुझी खुर्ची पक्की!” आम्ही बाहेर येऊन कचोरी खाल्ली.

एक गोष्ट मी बघितली नाही. एकच.

अक्षरं मोठी केली की ओळ लांब होते. स्क्रीन तर तेवढीच. मग ओळीचं शेवटचं टोक मावत नाही, ते खाली घसरतं, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतं. आणि ओळीच्या शेवटी काय होतं? कुठला डोळा! म्हणजे पहिल्या पेशंटचा डोळा दुसऱ्याच्या नावाआधी, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या नावाआधी. चौदा पेशंटचे डोळे एकेक घर पुढं सरकले!

सोमवारी सकाळी मी मुद्दाम दवाखान्यात गेलो, तारीफ घ्यायला. तिथली रीत अशी, की ऑपरेशनच्या पेशंटच्या ज्या डोळ्याचं काम असतं, त्या बाजूच्या भुवईवर सिस्टर पांढरी पट्टी चिकटवतात. मग त्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात. सुलोचना सिस्टर आईच्या स्क्रीनमध्ये बघून पट्ट्या लावत चालल्या होत्या.

“किती मोठं केलंस रे मानस! चष्मा पण नको!” मला बोलल्या. मी कॉलर ठीक केली.

मग विचारलं, “ताई, पहिल्या पेशंटच्या नावाआधी काहीच नाही, याचा कुठला?”

आई स्क्रीनकडे न बघता बोलली, “उजवा.” बरोबर होतं. आईच्या डोक्यात सगळं असतं.

दुसरे होते सांवेरचे दिवाकरजी. सत्तरीचे, पांढरा साफा, सोबत पोरगा मोटरसायकल घेऊन. सिस्टरनी उजव्या भुवईवर पट्टी लावली.

“बेन, म्हारी तो डाबी आँख को आपरेशन हे!”

“काकाजी, कंप्यूटर में दाहिनी लिखी है।”

दिवाकरजी दोन मिनिटं विचारात पडले. स्वतःची आँख, सत्तर वर्षांची ओळख! मग बोलले, “कंप्यूटर में लिखी हे? तो फेर दाहिनी ज होयगी।”

तिसऱ्या बाई काही बोलल्याच नाहीत. चौथे भिया बोलले, “मेडम, बाईं थी।” सिस्टर बोलल्या, “बदलला असेल.” ते बोलले, “अच्छा, बदली होगी।” जशी डोळ्याची पण सरकारी बदली होते! चौदापैकी नऊ जणांच्या उलट्या भुवईवर पट्टी. नऊच्या नऊ जणांना स्वतःचा कुठला डोळा आंधळा आहे ते पक्कं माहीत. पण कंप्यूटरपुढं कोण बोलणार!

साडेदहाला आतून चिंतामण डॉक्टरांचा आवाज आला. तो माणूस कधी ओरडत नाही. त्या दिवशी काचा हलल्या.

“सिस्टर! या डोळ्यात तर मागच्या दिवाळीला मीच लेन्स टाकलीय! काय काढू याच्यातून आता?”

दिवाकरजी टेबलावरून उठून बसले आणि शांतपणे बोलले, “में तो के रियो थो।”

मग जी धावपळ झाली! सगळ्या पट्ट्या काढा, परत विचारा, दुसऱ्या भुवईवर लावा, दुसऱ्या डोळ्यात थेंब टाका. पण पहिल्या डोळ्यातले थेंब तर बाहेर येत नाहीत! अर्ध्या तासात नऊ जणांच्या दोन्ही बाहुल्या रुपयाएवढ्या. कुणाला काही दिसेना. एक आजोबा कुंडीला “बेटा, पानी पिला दे” बोलत होते. एक बाई दुसऱ्याच माणसाचा हात धरून जिन्यापर्यंत गेल्या, आणि तो माणूस पण बिचारा समजला, आपलीच बायको आहे! दिवाकरजींचा पोरगा विचारत होता, “बाबूजी कठे गया?” बाबूजी त्याच्याच मागे भिंत चाचपत उभे.

मला हसू येत होतं, ते तिथंच थांबलं. कारण ऋजुता मॅडम काउंटरकडे येत होत्या. हळू चालत.

“कुणी केलं हे?”

“मी,” आई बोलली. “माझी चूक.”

माझं डोकं सटकलं. “तिची नाही! मी अक्षरं मोठी केली! कारण तुमची स्क्रीन भंगार आहे, आणि तुम्ही माझ्या आईला बोलता!”

“स्क्रीन भंगार?” मॅडमनी खुशीला हाक मारली. “खुशी, दारात उभी राहा. मानस, तू साइज पहिल्यासारखा कर. हां. आता वाच.”

मी साइज चौदा केला. खुशी दारातून, बारा फुटांवरून वाचायला लागली. धडाधड. नाव, वय, गाव, डोळा. एक अक्षर चुकली नाही. स्क्रीन चकाचक होती. मीच केली होती ना, पहिल्याच दिवशी.

“शारदाताई, आता तुम्ही वाचा. पाचवी ओळ.”

आई कोंबडीसारखी मान फिरवत राहिली.

“सूनबाई, पुरे,” चिंतामण डॉक्टर हात पुसत बाहेर आले. “तिची नजर मी स्वतः तपासलीय.”

“मग परत तपासा ना डॉक्टर साहेब,” आई ताठ उठली. “आत्ता तपासा. सगळ्यांसमोर.”

ती सरळ तपासणीच्या खोलीत गेली, वाटेत एका खुर्चीला धडकली, आणि पेशंटच्या खुर्चीत बसली. पाठ एकदम सरळ, शाळेत पहिला नंबर येणाऱ्या पोरीसारखी. आम्ही सगळे दारात. भिंतीवर तक्त्याचा लाइटवाला डबा. डॉक्टरनी बटण दाबलं. बोलले, “वाच.”

आई वाचायला लागली. “ल. मग प, न. मग ग, र, म. त, क, ह, ज...” एकेक ओळ, खाली खाली, कुठं अडकली नाही. सगळ्यात बारीक ओळ वाचली. त्याच्याखाली तक्ता छापणाऱ्या प्रेसचं नाव असतं, मुंगीच्या पायाएवढं, ते पण सांगितलं. तिचा आवाज खणखणीत. संपवून तिनं मान वर केली, की बघा.

खुशीनं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

भिंतीवर तर एबीसीडी होती. डॉक्टरनी बटण दाबून तक्ता बदललेला होता. इंग्लिशवाला. त्याच्यात एक पण ‘ल’ नव्हता, एक पण ‘प’ नव्हता.

एकोणीस वर्षं, रोज साठ पेशंट, त्या खोलीत मोठ्यानं तो तक्ता वाचतात आणि आई बाहेर बसून ऐकते. तिला तो पाठ होणार नाही तर कुणाला! आरतीसारखा पाठ. प्रेसचं नाव तर डोळे चांगले होते तेव्हा तिनं स्वतःच वाचलं असेल. आणि त्या दवाखान्यात डोळ्यांचं एकेक यंत्र आहे, जपानी, जर्मन, आणि काउंटरवरच्या बाईला कधी कुणी त्याच्यासमोर बसवलं नाही. तक्ता वाचते ना? बस. घरचीच आहे.

“झालं ना डॉक्टर साहेब?” आई बोलली. “आता तरी सांगा यांना.”

सुलोचना सिस्टरनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यात टॉर्च मारून बघितलं.

त्या दिवशी सगळी यंत्रं झाली तिची. काला मोतिया, मतलब काचबिंदू. डोळ्याची नस आतून सुकत जाते, दुखत नाही, पता पण लागत नाही. उजवा डोळा जवळपास गेला. डाव्यात थोडं आहे, तेही कडेचं आणि धूसर. मी विचारलं, “ऑपरेशन करून परत येईल ना?” डॉक्टर बोलले, “गेलं ते येत नाही. उरलं ते टिकवायचं. थेंब टाकायचे, रोज, वेळेवर, जन्मभर.” मी विचारलं, “मी आठ दिवस उशीर केला म्हणून?” ते बोलले, “आठ दिवसांनी काही नाही होत, बाळा. एक वर्ष झालंय.” बाळा बोलले. मला कुणी बाळा बोललं की मी चिडतो. त्या दिवशी चिडायला पण जमलं नाही.

घरी आल्यावर चिडलो. जोरात.

“तुला दिसत नव्हतं तर बोलायचं ना! रविवारी ‘आता दिसतंय’ कशाला बोललीस? थोडं बरं, थोडं बरं! आठ दिवस मला उल्लू बनवलंस?”

आई भिंतीला टेकून बसली होती. बोलली, “अरे, शाळा सोडल्यापासून तू पहिल्यांदा एका जागेवर बसलास. रोज दोन तास. माझ्या बाजूला. मी कशाला बोलू?”

मी दार आपटून बाहेर गेलो. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो, कारण गॅसवर दूध होतं आणि तिला उतू जाताना दिसलं नसतं.

काउंटरवर खुशी बसते आता. आई त्याच दवाखान्यात जाते, पण बाकावर बसते, नंबर घेऊन. नऊ पेशंटची ऑपरेशनं पुढच्या सोमवारी झाली, बरोबर डोळ्यांची. आणि काल ऋजुता मॅडमचा मला फोन! मला वाटलं, गेलो मी, पोलीस बोलावले. तर बोलल्या, “मानस, तू खुशीच्या स्क्रीनवर जो फॉन्ट केलायस ना, एकदम क्लिअर आहे रे. बाकीच्या पाच कंप्यूटरवर पण तसाच करून दे.”

तर मी आत्ता तिथंच आहे. तीन झाले, चौथा अपडेट घेतोय, म्हणून बसल्या बसल्या हे टाइप करतोय. अक्षरं खरंच काय सुंदर दिसतात! सुईनं काढल्यासारखी! इतकी की मला त्यांचा राग येतोय.

ऋजुता मॅडम आत्ता येऊन बोलून गेल्या, पाचवा पण आजच करून टाक. नाही जमणार. साडेसात झाले. आठला आईचे थेंब आहेत, पाच मिनिटं इकडचं तिकडं चालत नाही, आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून ती टाकून घेत नाही. आत्तापासूनच मान वर करून बसली असेल पलंगावर. बस पकडायचीय. मला निघायला पाहिजे.